आणखी एक वर्ष
शास्त्रवाचन : लूक १३:६-९



अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ नाही, तेव्हा धनी ते तोडावयास सांगतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो आणि भोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतो. धन्याने झाडाला दोष दिला. माळ्याने मातीकडे पाहिले.

खानापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. माती तांबडी, पावसाने धुपलेली, आंबट. गेल्या साली मी तीत कोळसा घालून पाहिला. त्याला बायोचार म्हणतात. शंकूसारखा खड्डा खणून त्यात काटक्या पेटवायच्या, वर राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा, शेवटी पाणी ओतून विझवायचे. खालच्या थरांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांची राख न होता कोळसा होतो. आपण राब भाजतो तेव्हा बहुतेक सारे धुरात जाते, आणि राख फार तर एका हंगामाला पुरते. कोळसा मातीत शेकडो वर्षे टिकतो. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी अशी काळी माती सापडते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून कोळसा, हाडे, खापऱ्या, खरकटे पडून ती तयार झाली. काही ठिकाणी ती दोन हजार वर्षांची आहे. आसपासची जमीन निकस, ही मात्र अजून पिकते.

पण मी उतावीळ! कोळसा कुटला आणि तसाच चिखलणीत टाकला. श्रावणात रोपे पिवळी पडली. थोरले भाऊ बांधावरून म्हणाले, “तू मंडळीत उपदेश कर. शेताचं मी बघतो.” जमीन विकण्याचा विषयही त्यांनी त्याच दिवशी काढला.

चूक कोळशाची नव्हती. त्याच्या अंगी असंख्य बारीक छिद्रे असतात. रिकामा गेला तर तो मातीतले नत्र स्वतःच धरून बसतो. आधी त्याला शेणखतात, गोमूत्रात महिना-दोन महिने मुरवावे लागते. मग तो पिकाला देऊ लागतो.

हे कळले तेव्हा मला माझे पहिले सेवाक्षेत्र आठवले. ईश्वरविज्ञानाची पदविका हाती पडताच मी तिथे धावलो. प्रार्थनेत बसणे थोडे, बोलणे फार. दोन वर्षे त्या लोकांकडून मान तेवढा शोषून घेतला. त्यांना काय दिले, ते आठवत नाही. तरी तिथल्या वडिलांनी मला घालवून दिले नाही. माझ्यासाठीही कोणीतरी मुदत मागितली असावी.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीच्या बांधवांनी मात्र घाई करू नये. कोळसा आंबटपणा कमी करतो, आणि तुमच्या मातीत तो मुळातच नाही. एका वाफ्यात घालून पाहावे. कोळशासाठी हिरवे झाड तर कोणीच तोडू नये.

भावांकडे मी एक वर्ष मागितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग, “बरं, एक वर्ष,” एवढेच म्हणाले. यंदा कोळसा उन्हाळ्यापासून शेणाच्या खड्ड्यात मुरतो आहे. रोज पहाटे कोणीतरी त्यावर गोमूत्राची घागर ओतून जाते. गोठ्याची किल्ली भावांकडेच असते.