पुरेसे म्हणजे किती?

ग्राफिक्स कार्ड निवडताना अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवण्याचा, विचार करावा का? मला वाटते, करावाच. माझ्या भाच्याच्या संगणकात २०१३च्या पिढीतला कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर आणि ३०० वॉटचा एसएमपीएस आहे. “मामा, मोठंच कार्ड घेऊ, पुढे उपयोगी पडेल,” तो म्हणतो. पण मोठ्या कार्डाला हा एसएमपीएस पुरणार नाही, आणि जुना प्रोसेसर त्याच्या वेगाला साथ देणार नाही.

२०१९चे जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॉटमध्ये भागवते. त्याच्या अनेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. २०२२चे आरएक्स ६४०० आणखी कमी वीज घेते, पण ते मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन वापरते. पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या जुन्या मदरबोर्डवर त्या लेनची क्षमता निम्मी होते, आणि चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. म्हणजे नवे ते योग्यच असते असे नाही.

पतंजलींनी अपरिग्रह यमांत ठेवला, संतोष नियमांत. इच्छा मारणे असा या दोन्हींचा अर्थ मी घेत नाही. भाच्याची खेळण्याची हौस निर्मळ आहे. जे वापरता येणार नाही तेही आपल्याकडे असावे, या हट्टापासून परिग्रह सुरू होतो. संतोषही डोळस हवा: आपल्याकडे काय आहे, ते किती पेलेल, हे तपासून आलेले समाधानच टिकते. म्हणून मी त्याला आधी एसएमपीएसवरचे लेबल वाचायला लावले. मर्यादा नीट ओळखणे हीही साधनाच आहे, आणि ती कोवळ्या वयातच सुरू व्हावी.