अर्धा सेकंद

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अण्णांचे ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचे दुकान होते. हुपरीच्या एका चांदीकारागिराने त्यांच्याकडून 3 केव्हीएचा, गोल कोअरचा ट्रान्सफॉर्मर करून नेला. त्याचे साखळी विणायचे परदेशी यंत्र 110 व्होल्टवर चालायचे. आठवड्यात फोन आला, "अण्णा, मेन चालू केला की एमसीबी पडतोय. रोज न्हाई, कधी कधी."

अण्णांनी विनायकला धाडले. पोरगा आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला, हाताचा नेटका. त्याने मेगर लावून इन्सुलेशन बघितले, लोड काढून करंट मोजला. कुठे खोट नव्हती. पण चालू-बंद करता करता एकदा ट्रान्सफॉर्मर घुंम् करून गुरगुरला, दिवे मंदावले आणि 16 अँपिअरचा एमसीबी खाली आला. विनायकने फोन लावला. "अण्णा, 32 चा टाकून देतो. विषय संपला."

"वायर कितीची हाय?"

"अडीचची."

"मग ती जळंस्तोवर तुझा 32 चा गप बसून बघंल. राखणीचं कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधायचं? कशावर भुंकतंय ते बघ आधी. ये परत."

संध्याकाळी अण्णांनी पुठ्ठ्यावर दोन लाटा काढल्या, एक व्होल्टेजची, एक कोअरमधल्या चुंबकत्वाची. चालत्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दर 10 मिलिसेकंदांनी चुंबकत्व एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. पण बटण नेमके व्होल्टेज शून्यावर असताना दाबले गेले, तर ते मधूनच निघते आणि तेवढीच मजल मारायला बघते. म्हणजे नेहमीच्या दुप्पट उंचीवर पोचते. मागच्या वेळी बंद करताना कोअरमध्ये त्याच दिशेचे चुंबकत्व उरले असेल, तर त्याहूनही वर. गोल कोअरला सांधा नसतो, म्हणून त्यात ते जास्त उरते. एवढे चुंबकत्व लोखंडात मावत नाही. मग कॉइल म्हणजे नुसती तांब्याची तार. 13 अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून क्षणभर दीडशेच्या वर करंट धावतो. सी कर्व्हचा 16 चा एमसीबी 80 ते 160 च्या दरम्यान तत्काळ पडतो. तो त्याचे काम चोख करत होता.

"आणि व्होल्टेज शिखरावर असताना दाबलं तर?"

"कोअर कोरा असंल तर काहीच होत न्हाई. म्हणून तर कधी कधी पडतोय. पण माणसाच्या बोटाला 5 मिलिसेकंद साधत न्हाईत."

विनायक विचारात पडला. "मग डी कर्व्हचा 16 चाच टाकू. तो 160 पर्यंत थांबतो."

"चालंल. पुष्कळ जण तेच करतात, वाईट न्हाई. पण धक्का तसाच राहील. दिवे मंदावतील, स्विचचे कॉन्टॅक्ट खात राहील."

अण्णांनी फळीवरून 10 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर काढला. तो मालिकेत असला की 325 व्होल्टच्या शिखरालाही करंट साडेबत्तीस अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. अर्ध्या सेकंदात कोअर ताळ्यावर येतो. तेवढ्यात टायमरवरचा रिले रेझिस्टरला वळसा घालून सरळ वाट उघडतो. रेझिस्टर नंतर मध्ये राहता कामा नये, राहिला तर पूर्ण लोडला तो शेकडो वॅट गिळू लागेल.

"आणि रिले लागलाच नाही तर?" विनायकने विचारले.

अण्णांनी हातातला पुठ्ठा त्याच्याकडे सरकवला. विनायकने रात्री बसून जोडणी बदलली. तो रिले ओढला गेल्यावरच यंत्राला वीज मिळेल असा दुसरा कॉन्टॅक्ट घेतला आणि रेझिस्टरच्या अंगाला थर्मल फ्यूज बांधला. दुसऱ्या दिवशी रेझिस्टर-रिलेचा तो बोर्ड हुपरीत बसला. जुना 16 चा एमसीबी जागचा हलला नाही.

तेव्हापासून अण्णांच्या दुकानातून 1 केव्हीएच्या वरचा गोल ट्रान्सफॉर्मर त्या बोर्डाशिवाय बाहेर गेला नाही. "बोर्ड काढून दर कमी करा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला विनायक चहा पाजायचा आणि पुठ्ठ्यावर दोन लाटा काढायला बसायचा.