एकच माप

नाशिकजवळच्या ओझरच्या जुन्या गावठाणात, बाणगंगा नदीपासून जवळच, एक तात्या राहतात. उभी हयात त्यांनी गावाला खेटून असलेल्या विमान कारखान्यात काढली. मिग विमानं बनवण्यासाठी 1964 साली हा कारखाना आला आणि ओझरचं नाव देशभर गेलं. तात्या तिथं इन्स्पेक्शनला होते. मशिनवरून उतरलेला भाग मापायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या एका शिक्क्यावर वैमानिकाचा जीव अवलंबून असे, हे तात्या कधी विसरले नाहीत.

2025च्या दिवाळीनंतर त्यांनी माडीचं राहिलेलं काम काढलं. चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांची यात्रा भरते. बारागाड्या बघायला लेकी-जावई येतात, घर भरून जातं. त्याआधी फरशी बसायला हवी होती. ठेकेदाराने दोन मिस्त्री पाठवले.

थोरला पन्नाशीचा, पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. अंगात बनियन, कमरेला लुंगी, तोंडात बंगाली. मराठी म्हणाल तर "हो काका" आणि "पानी सोडा" एवढंच. हात मात्र सोन्याचा. फरशी बसवली की तो चारही कोपरे रबरी हातोड्याने ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. कुठे पोकळ वाजली, तर कुणी न सांगता उचलून खालचा माल पुन्हा पसरायचा. तात्या हे रोज बघत आणि मनात खूश होत.

धाकटा तिशीचा. जीन्स, टी-शर्ट, सफाईदार मराठी. "रामराम तात्या" म्हणत जिना चढायचा. आपण नाशिकचेच, असं सांगायचा.

त्या दिवसांत हवा तापलेली होती. बांगलादेश आणि म्यानमारमधून बेकायदा आल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी 30 दिवसांत उरका, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने मे महिन्यात राज्यांना सांगितलं होतं. मुंबई-ठाण्यात धरपकड चालली होती. परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा 1 सप्टेंबरपासून लागू झाला होता. ओझरला तर जपून राहायला वेगळं कारणही आहे. इथं विमान कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे. नुकतंच 17 ऑक्टोबरला इथल्याच धावपट्टीवरून नव्या तेजस विमानाने भरारी घेतली होती. गल्लीतली पोरं सावध झाली, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं.

एका सकाळी चार-पाच जण अंगणात येऊन उभे राहिले. "तात्या, तुमच्या माडीवर बांगलादेशी कामाला आहे."

"कशावरून म्हणता?"

"बोलणं ऐकलं नाही का त्याचं? लुंगी बघा, दाढी बघा."

तात्या म्हणाले, "कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माझे साहेब बंगालीच होते. घरात लुंगी नेसायचे, बायकोशी बंगालीत बोलायचे. त्यांच्या दारात कुणी कागद बघायला गेलं नाही."

"ते साहेब होते, तात्या!"

"मग तुमचा संशय भाषेवर नाही रे बाबांनो, गरिबीवर आहे."

पोरं गेली, पण कुणीतरी फोन केलाच. दुपारी दोन पोलीस शिपाई आले. थोरल्याने पिशवीतून आधार आणि मतदार कार्ड काढलं. एकावर 'शेख', दुसऱ्यावर 'सेख'. वयातही दोन वर्षांचा फरक. धाकट्याने प्लास्टिकच्या फाइलमधून आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला. पत्ता नाशिकचा. शिपायाने वरवर पाहिलं आणि फाइल परत दिली. "हा आपलाच आहे. तू चल रे ठाण्यात."

तात्यांनी टोपी घातली आणि तेही मागोमाग निघाले.

ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न शिपायालाच केला. "संशयाचं कारण काय लिहायचं?"

"बंगाली बोलतो, साहेब. आणि दोन कार्डांवर नाव दोन तऱ्हेचं आहे."

"आणि दुसरा?"

"तो इथलाच आहे. त्याचे कागद चोख आहेत."

तात्यांनी हात जोडले. "साहेब, मी बोलू का?"

"बसा तात्या. बोला."

"माझी जन्मतारीख 1 जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची 1 जून. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी वय अंदाजाने धरलं आणि लिहून टाकलं. आमच्या हिचं माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आणि रेशनकार्डावर आणखी तिसरं. उद्या आम्ही काशीयात्रेला गेलो आणि तिकडं आम्हाला कुणी धरलं, तर आम्ही परके ठरायचो का?

"आणखी एक सांगतो. कारखान्यात आमच्याकडे गेज असायचं. त्याचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. भोक मापात असेल, तर 'गो' आत जातो आणि 'नो-गो' बाहेर अडतो. भाग चकचकीत दिसतो म्हणून पास करायचा नाही, काळपट दिसतो म्हणून रिजेक्ट करायचा नाही. रिजेक्ट केलाच, तर कारण लिहून खाली सही करायची. आणि गेज स्वतः बरोबर आहे की नाही, हेसुद्धा ठरल्या मुदतीने तपासून घ्यायचं. तुमच्या माणसांनी आज एकाला मापलं आणि दुसऱ्याला नुसतं बघितलं. हे इन्स्पेक्शन नव्हे, साहेब."

साहेबांनी शिपायांना जवळ बोलावलं. "नीट ऐका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. आधार, पॅन, मतदार कार्ड एवढ्यावर नागरिकत्व सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. मग ज्याला तुम्ही 'आपलाच' म्हणून सोडून आलात, त्याचं तरी काय सिद्ध झालं?"

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. 1946च्या परदेशी नागरिक कायद्यात कलम 9 होतं. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्या कलमाने माणसावरच टाकली होती. नव्या कायद्यातही ती त्याच्यावरच आहे. पण म्हणून वाटेल त्याला रस्त्यावरून उचलून 'नागरिकत्व सिद्ध कर' म्हणता येत नाही. आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024मध्ये हे बजावलं आहे. संशयाला काहीतरी ठोस आधार आधी सरकारकडे हवा, आणि तो त्या माणसाला कळवायला हवा. नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखेतल्या किरकोळ फरकावरून कुणाला परका ठरवू नये, हेही त्याच निकालात आहे. न्यायालयाने त्या प्रकरणातल्या माणसाला भारतीय ठरवलं, पण निकाल ऐकायला तो हयात नव्हता.

"आणि जूनमध्ये काय घडलं, ते आठवा," साहेब म्हणाले. "आपल्याच राज्यात पकडलेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे कागद बंगाल सरकारने पुढे केले, तेव्हा सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावं लागलं. घाईत केलेली चूक अशी निस्तरावी लागते. ज्यांच्यामागे कुणी उभं राहत नाही, त्यांची तर निस्तरतही नाही."

त्यांनी दोघांचीही पडताळणी लावली. दुभाष्या म्हणून टाउनशिपमधल्या एका बंगाली कर्मचाऱ्याला बोलावून घेतलं. थोरल्याला घरी फोन करू दिला, त्याचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकून लिहून घेतलं आणि ते मुर्शिदाबादच्या पोलिसांकडे पाठवलं. धाकट्याचा दाखला घेऊन एक शिपाई शाळेत गेला. तोवर दोघांनी ठरल्या दिवशी हजेरी द्यावी, असं ठरलं. हमी तात्यांनी घेतली.

यात्रेच्या तोंडावर उत्तरं आली. थोरल्याच्या मुलाने 2002च्या मतदार यादीचं पान पाठवलं होतं. त्यात त्याच्या बापाचं नाव होतं. सोबत जमिनीचा पर्चा होता. आपल्याकडे सातबारा, तसा तिकडे पर्चा. तिथल्या पोलिसांनी गावात जाऊन खात्री केली आणि तसं कळवलं. 'शेख' आणि 'सेख' एकच होता, आणि तो या देशाचाच होता.

शाळेतून आलेलं उत्तर वेगळं होतं. दाखल्यावरचा जनरल रजिस्टरचा नंबर खरा होता, पण रजिस्टरमध्ये त्या नंबरसमोर भलत्याच एका मुलीचं नाव होतं. धाकट्याला समोर बसवून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी तो सीमा ओलांडून आला होता. एका दलालाला पैसे देऊन त्याने दाखला मिळवला आणि त्या दाखल्यावर पुढचे कागद काढले.

संध्याकाळी पोरं पुन्हा अंगणात. "बघा तात्या! निघाला ना बांगलादेशी!"

"निघाला," तात्या म्हणाले. "पण तुम्ही बोट कुणाकडे दाखवलं होतं? तुमच्या मापाने गेलो असतो, तर आपल्या देशाचा माणूस सीमेपार गेला असता आणि बनावट कागदवाला आपल्याच गल्लीत रामराम करत राहिला असता. चुकीच्या मापाने दोन नुकसानं होतात. चांगला भाग फेकला जातो आणि खराब भाग विमानात बसतो. कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी हे ओळखायला हवं."

एकजण म्हणाला, "ते खरं तात्या. पण आता सापडलाय ना, त्याला असा धडा शिकवायला हवा की..."

तात्यांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. आतून पैसे आणले आणि थेट ठाण्यात गेले. धाकट्याची अकरा दिवसांची मजुरी बाकी होती. साहेबांसमोर त्यांनी ती मोजून दिली आणि पावतीवर त्याची सही घेतली.

शिपाई चकित झाला. "तात्या, हा तुम्हाला खोटं बोलला. वर त्याला पैसे देता?"

"नाव खोटं सांगितलं त्याने. फरशी खरी बसवली. खोट्याची शिक्षा कायदा देईल. घामाचे पैसे मी बुडवणारा कोण?"

साहेब त्या शिपायाला म्हणाले, "राज्यघटना काढून बघ. भाषणाचं, संचाराचं, व्यवसायाचं स्वातंत्र्य देणारं कलम 19 नागरिकांसाठी आहे. पण कायद्यापुढे समानता देणारं कलम 14 आणि जीविताचं रक्षण करणारं कलम 21 यांत 'व्यक्ती' हा शब्द आहे. ही दोन कलमं याच्यासाठीही आहेत. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तेच सांगितलं. याला 24 तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं. वकील मिळेल. देशाबाहेर जावं लागलं, तर तेही रीतसर. रात्रीच्या अंधारात ढकलून नव्हे."

चंपाषष्ठीला तात्यांचं घर पाहुण्यांनी भरलं. राहिलेली फरशी थोरल्याने एकट्याने पुरी केली होती. ज्या पोरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, त्यांतल्या दोघांनी येऊन त्याची माफी मागितली. बाकीच्यांनी मागितली नाही. तात्यांनी त्यांना बोलावून एवढंच सांगितलं, की संशय आला तर जरूर कळवा. फक्त काय दिसलं ते कळवा, कोण दिसला ते नव्हे.

तात्पर्य : देशाच्या दारावर पहारा हवाच. कागद मागायचा आणि खोटा कागद पकडायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरलाही पाहिजे. पण भाषा, पेहराव आणि गरिबी ही तपासणीची मापं नव्हेत. संशयाला कारण हवं आणि ते लिहिलेलं हवं. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलू द्यायला हवं, आणि माप सगळ्यांना एकच हवं. न्याय निर्दोषांपुरता राखून ठेवला, तर निर्दोष कोण हे ओळखायची वाटच बंद होते.

आज आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात शिकतात, नोकरी करतात. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना रंगावरून, उच्चारावरून अडवू नये, कागद नीट बघावा, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मग आपल्या गल्लीत काम करणाऱ्या परमुलखातल्या मिस्त्रीलाही तेच माप लावा. त्याच्याबद्दल शंका आली, तर बोट दाखवण्याआधी स्वतःला विचारा : हीच शंका मला टाउनशिपमधल्या साहेबाबद्दल आली असती का?