मागे फिरणारा काळ

गेल्या सुटीत धुळ्याहून आमचा भाचा जळगावी आला असता, २०२१ साली निघालेला 'फोर्झा होरायझन ५' हा मोटारशर्यतीचा संगणकी खेळ त्याने आम्हांस दाखविला. मेक्सिकोच्या विस्तीर्ण प्रदेशातून वाटेल तिकडे गाडी दौडवावी, धुळीच्या वादळातून वाट काढावी, शर्यतीही स्वतःच रचाव्यात, अशी त्यात मुभा आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते एका कळीने. गाडी आदळली की ती दाबावी. काळ मागे सरतो आणि अपघात घडलाच नव्हता असे होते!

अशी सोय मनुष्यास बेजबाबदार करील काय? प्रथम आम्हांस तसेच वाटले. तथापि पाटीवरचे पुसता येते, म्हणूनच मूल अक्षर काढण्यास धजते. काळ मागे नेल्यावर भाच्याने त्याच वळणावर वेग आधीच आवरला, हेही आम्ही पाहिले. चूक पुसली गेली. तिचे ज्ञान मात्र उरले.

व्यवहारात ही मुभा नाही. वीस वर्षांपूर्वी भर वर्गात एका विद्यार्थ्यास आम्ही कठोर शब्द बोललो. तो पुन्हा वर्गात आला नाही. तो क्षण आम्ही कितीदा तरी मनात मागे नेला आहे. शब्द परत आलेला नाही. पारोळ्याजवळ महामार्गावर अकस्मात बैलगाडी आडवी आली, तर तेथेही ती कळ हाताशी नसते.

खेळात शहाणपण चुकीमागून आले तरी चालते. जीवनात ते चुकीच्या आधी पोहोचावे लागते. त्यासच विवेक म्हणतात.