लेकराच्या हाती काम द्या

घरात दोन-अडीच वर्षांचे लेकरू असले, म्हणजे दिवसातून दहा वेळा एक वाक्य कानी येते : "माझं मी! मी करतो!" सदऱ्याची गुंडी त्याला स्वतः लावायची असते, तांब्यातले पाणी स्वतः ओतायचे असते, तुळशीला पाणी घालायला आजीच्या आधी धावायचे असते. आणि आपण काय म्हणतो? "सोड रे, सांडशील! तुला नाही जमायचं. उशीर होतोय." असे म्हणून आपण तांब्या काढून घेतो. पाणी सांडत नाही, वेळही वाचतो. पण तांब्याबरोबर लेकराच्या हातून आणखी काय काढून घेतले, हे आपल्या ध्यानी येत नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

नामदेवरायांच्या बालपणीची कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. दामाशेटी परगावी गेले आणि नैवेद्य नेण्याचे काम गोणाईने लहानग्या नामावर सोपविले. पुढे नामा हट्टाला पेटला, देव जेवला, हे सर्वांस ठाऊक आहे. आपले लक्ष त्या नवलाकडे लागते, ते योग्यच होय. पण त्याच्या आधीची गोष्ट पाहा. त्या माउलीने भरले ताट लेकराच्या हाती दिले. 'हा वाटेत सांडील' म्हणून ते दुसऱ्याकडे दिले नाही. घरचे खरे काम, आणि तेही देवाचे, त्याच्यावर विश्वासाने टाकले. ताटच हाती आले नसते, तर पोराचा तो निरागस हट्ट देवापुढे उभा तरी कसा राहता?

मात्र काम द्यावे म्हणजे लेकरावर टाकून आपण मोकळे व्हावे, असे नव्हे. त्यासाठी जनाबाईंचे जाते आठवावे. पांडुरंग जनीबरोबर दळू लागला, असे संतपरंपरा सांगते. देवाच्या मनात असते, तर क्षणात सारे पीठ पडले असते. पण त्याने जनीला बाजूला सारले नाही. तो जवळ बसला, खुंट्याला हात लावला आणि तिच्याबरोबर जाते फिरवू लागला. लेकराला मदत करावी ती अशी. गुंडी लागत नाही? काज थोडे ताणून धरा. गुंडी त्यालाच घालू द्या. तांब्या जड होतो? अर्धाच भरा. ओतणे त्याचे, आधार आपला.

कोणी विचारील, "हे सगळं खरं, पण यात शिक्षण ते कोणते? शिक्षण तर शाळेत होते." आमचे म्हणणे असे की, शाळेच्या पायरीचा दगड घरातच बसवला जातो. जेवणाच्या वेळी ताटे मांडायला सांगा. आजोबांचे एक, आजीचे एक, बाबांचे एक. माणसागणिक एक ताट ठेवता ठेवता पोर मोजायला शिकते, ते बोटे मोडून पाठ केलेल्या आकड्यांपेक्षा पक्के होते. मटाराच्या शेंगा सोलायला बसवा. कोणत्या शेंगेत किती दाणे, हे ते आपणहून सांगेल. तूर आणि मूग एकत्र करून निवडायला द्या. आज चिमटीत दाणा धरणारी बोटे उद्या लेखणी धरतील. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती मात्र बारीक दाणे देऊ नका, ते नाकात घालते किंवा घशात अडकवून घेते. त्याला कणकेचा गोळा पुरे. घट्ट, सैल, ओले, कोरडे हे शब्द त्याला त्या गोळ्यातच सापडतील, मात्र त्या वेळी आई त्याच्याशी बोलत हवी.

ही काही आमच्या पदरची कल्पना नाही. इटलीत डॉ. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरात कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह काढले. तेथे हात धुणे, गुंड्या लावणे, झाडणे, पाणी ओतणे यांनाच शिक्षणात मानाची जागा मिळाली. आपल्याकडे भावनगरास गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर चालू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गावच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया आणि पाने त्यांनी मुलांच्या हाती दिली. म्हणजे गरिबाच्या अंगणातही शिक्षणाचे साहित्य पडलेले असते. ते ओळखणारा डोळा मात्र लागतो.

आता आमचे आयाबायांना आणि बापलोकांनाही चार शब्दांचे सांगणे आहे.

पहिले, वेळ राखा. मुलाला स्वतः कपडे घालू द्यायचे, तर त्याला थोडे लवकर उठवावे लागेल. पाणी सांडले तर पाठीत धपाटा नको, हातात फडके द्या. पुसणे हेही कामच आहे. त्याने घातलेली घडी वाकडी असेल, असू द्या. त्याच्या देखत ती उसकटून पुन्हा घालू नका. तेवढ्याने त्याचा जीव लहान होतो.

दुसरे, स्वयंपाक होईपर्यंत पोर गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची रीत घरोघर पडली आहे. पोर गप्प बसते खरे, पण हात रिकामे राहतात. त्यापेक्षा ओसरीवर चार शेंगा आणि एक वाटी बरी.

तिसरे, बहिणीने ताटे उचलायची आणि भावाने नुसते हात धुऊन उठायचे, हा भेद करू नका. दिंडीच्या पंगतीत बाप्ये वाढायला उभे राहतात, त्यात कोणाचा मान जातो काय? मग घरी का जावा?

चौथे, हाताला वळण लावणे वेगळे आणि लेकराला राबविणे वेगळे. शाळा बुडवून मुलीला दिवसभर धाकटे भावंड सांभाळायला ठेवणे, याला आम्ही शिक्षण म्हणणार नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस शिक्षणाचा हक्क दिला आहे. आणि चूल, विळी, विहीर यांच्यापाशी लहानग्याला कधी एकटे सोडू नये, हे सांगणे न लगे.

मंडळी, वारीत लहानगे चालता चालता दमले, तर त्याला खांद्यावर घ्यावे. तो आपला धर्मच आहे. पण ते "मला खाली सोडा, मी चालतो," म्हणू लागले की खाली सोडावे आणि आपली पावले आवरती घ्यावी. आपण जन्मभर त्याला खांद्यावर घेऊन चालणार नाही. एक दिवस आपले खांदे थकतील, आणि त्या दिवशी त्याचे पाय तयार हवेत.

येत्या एकादशीपासून इतके करा. देवघरातले किंवा स्वयंपाकघरातले एक लहानसे काम लेकराच्या नावावर करून द्या. देवापुढे फुले ठेवणे म्हणा, तुळशीला पाणी घालणे म्हणा. महिनाभर ते त्याचेच राहू द्या. विसरले तर आठवण द्या, पण त्याच्या आधी उठून ते उरकून टाकू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!