सारथ्य

युद्धात साहाय्य मागण्यासाठी दुर्योधन व अर्जुन एकाच दिवशी द्वारकेस पोहोचले. भगवान श्रीकृष्ण निद्रिस्त होते. दुर्योधन आधी आला आणि उशाशी उत्तम आसनावर बसला. अर्जुन मागाहून आला व चरणांपाशी हात जोडून उभा राहिला. जागे होताच भगवंतांची दृष्टी प्रथम अर्जुनावर पडली. तो वयानेही लहान, म्हणून निवडीचा पहिला अधिकार त्यास मिळाला. एकीकडे बलाढ्य नारायणी सेना, दुसरीकडे युद्धात शस्त्र न धरणारे एकटे श्रीकृष्ण! अर्जुनाने श्रीकृष्णांना मागितले व आपले सारथ्य करण्याची विनंती केली. दुर्योधन सेना मिळाली म्हणून आनंदाने परतला. उद्योगपर्वातील ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

दुर्योधनास आपल्या आज्ञेत वागणारे सैन्य हवे होते. अर्जुनाने मात्र आपल्या रथाचे लगामच दुसऱ्याच्या हाती सोपविले. परंतु त्याने लगाम दिले, गांडीव दिले नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शरणागती म्हणजे 'देईल हरी खाटल्यावरी' असे समजून स्वस्थ बसणे नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा व दैव. कर्ता हा त्या पाचांतील केवळ एक. उरलेली चारही आपल्याच मुठीत असावीत, असा हट्ट धरणारा मनुष्य अहोरात्र राबतो आणि तरीही अस्वस्थच राहतो.

प्रपंचात हे नित्य दिसते. मुलगा चाळिशीस आला तरी गल्ल्याची किल्ली वडिलांच्याच कमरेला असते. सून दहा वर्षे स्वयंपाक करते, पण मीठ किती घालावे हे सासूबाईंनीच सांगावे लागते. यात माया नसते असे नाही, उलट मायेपोटीच हे घडते. पण ज्यास कधी निर्णय घेऊच दिला नाही, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा कशी करावी? कित्येक चांगल्या पेढ्या तोट्यामुळे नव्हे, तर या न सुटलेल्या किल्लीमुळे बंद पडतात. दानाचेही तसेच आहे. देणगीची पावती अवश्य घ्यावी, हिशेबही विचारावा, तो व्यवहार आहे. मात्र दिल्यानंतरही मन त्या रकमेभोवती व नावाच्या पाटीभोवती घोटाळत राहिले, तर ते दान अजून हातातून सुटलेलेच नसते.

लगाम हाती असूनही भगवंतांनी अर्जुनावर सक्ती केली नाही. संपूर्ण उपदेश झाल्यावर, यावर पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे त्यांनी त्यास सांगितले. प्रत्यक्ष परमेश्वर शिष्याचा निर्णय शिष्यावर सोपवितो. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र ते जड जाते.

युद्ध अठरा दिवस चालले. ते संपल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनास गांडीव व भाते घेऊन आधी उतरावयास सांगितले. एरवी सारथी आधी उतरतो. पण अर्जुनाने कारण विचारले नाही, तो उतरला. मागोमाग भगवंत उतरले, ध्वजावरील कपी अंतर्धान पावला आणि तो दिव्य रथ पाहता पाहता जळून भस्म झाला. द्रोण व कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झाला होता. सारथी बसून होता, म्हणून इतके दिवस उभा होता.