स्थूल देह आणि दोषारोप

गतवर्षी आमच्या देवळाच्या अग्रशाळेत समाराधनेची पंगत बसली होती. मणगणे वाढणारा तरुण माझ्या शेजारच्या गृहस्थांपुढे क्षणभर थबकला, त्यांच्या विशाल देहाकडे पाहून म्हणाला, "आपणांस आता कशाला?" आणि पुढे सरकला. पंगत हसली. मीही हसलो. लंबोदरास नमस्कार करूनच आम्ही सारे पानावर बसलो होतो, हे मागाहून आठवले.

अपराध ठरविण्यापूर्वी हेतू पाहावा, असे आम्हां वकिलांस शिकविले जाते. स्थूल मनुष्याच्या बाबतीत मात्र देह हाच पुरावा आणि देह हाच निकाल. तो अधाशी, तो आळशी. साक्षीदाराची गरजच नाही.

चरकसंहितेने अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, मधुर व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची निद्रा यांच्यासमवेत बीजस्वभावही नमूद केला आहे. आधीची कारणे आपण तोंडपाठ केली. शेवटचे सोयीस्करपणे विसरलो. १९९४ साली लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. मेदाचा साठा किती आहे, ही वार्ता ते मेंदूस पोहोचविते. क्वचित काही बालकांत ते जन्मतःच तयार होत नाही. त्यांची भूक कशानेही शमत नाही. तेच द्रव्य टोचले की ती पान बाजूस सारतात. मग आधीची ती हाव कोणाची म्हणावी? पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात अर्भके वजनाने जेमतेम २.७ किलो, पण त्या मानाने मेद राखून असलेली आढळली. त्या अर्भकांनी कोणता संयम सोडला होता?

प्रतिपक्ष विचारील, एका पिढीत बीज पालटत नाही, तरी पोटे वाढली ती कशी? प्रश्न रास्त आहे. पालटले ते अन्न आणि बैठे जीवन. परंतु ते तर माझेही पालटले. दिवसभर खुर्चीत बसून मी कृश राहिलो तो संयमाने खचित नव्हे. माझे वडील आणि आजोबाही कृशच होते. जे मी कमावले नाही, त्याच्या बळावर मी त्या दिवशी हसलो.

यंदा ते गृहस्थ समाराधनेस आले, देवदर्शन घेतले, पण पंगतीस बसले नाहीत. मी बोलावण्यास गेलो तेव्हा म्हणाले, "आज उपवास आहे."

पंचांगात त्या दिवशी कोणताही उपवास नव्हता.